हाजी मुतवल्लीचा वरचा मजला

अलेक्झांड्रिया, ३ नोव्हेंबर १९८८

ती. बाबांस, सफीचा सा. न. वि. वि.

पटकथा पोचली असेल. निर्माते लमईसाहेब तुमचं नाव ऐकून हसत सुटले. म्हणाले, भयपटात बहगत? तो नुसता दारात उभा राहिला तरी लोक पोट धरून हसतात! मी म्हटलं, मला तेच हवंय.

तुमची भूमिका हाजी मुतवल्लीची; तो घरमालक आहे. परवानगी नसताना मजल्यावर मजले चढवतो आणि भाडेकरूंना हसवून भिंतींचे तडे विसरायला लावतो. मग त्याच्या आधीच्या पडलेल्या इमारतीतली माणसं भिंतीतून बोलू लागतात. प्रेक्षकांचं हसू तिथे घशात अडकायला हवं.

सिगारेट कमी करा. आईला न. सां. माझ्यावर माया राहू द्या.

तुमची, सफीनाझ

कैरो, १२ नोव्हेंबर

चि. सफीस अ. आ.

वाचलं. तुझ्या आईनेही वाचलं आणि छताकडे बघत बसून मुलुखियाची पालेभाजी करपवली. ते जेवण मी मुकाट्याने गिळलं, तेव्हा भयपट जमलाय म्हणायला हरकत नाही.

पण पोरी, एक गोष्ट पटत नाही. सिमेंटात वाळू किती, हे ह्या माणसाला पक्कं ठाऊक. मग तो स्वतःच्या मुलीला सगळ्यात वरच्या मजल्यावर संसार कसा थाटून देतो? बाप आहे ना तो? तीस वर्षं मी मूर्ख बाप रंगवले, पण असला नाही. त्याला ठाऊकच नव्हतं, कंत्राटदाराने फसवलं, असं कर. आणि एक तर हसव, नाहीतर घाबरव. अर्ध्यावर वाट बदललीस तर लोक खुर्च्या फोडतील.

रागावू नकोस. जेवत जा.

तुझा बाप, बहगत

अलेक्झांड्रिया, २० नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

रागावलेच. त्याला ठाऊक नसेल तर भुतांनी त्याच्या दारी यायचं कशाला? बाबा, ठाऊक आहे म्हणूनच तो मुलीला तिथे ठेवतो. घरमालकाची लेक वर राहतेय म्हटल्यावर घर सोडून कोण जाईल? आणि रोज रोज तेच सांगून त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलंय.

लमईसाहेबांना आता इमारत एखाद्या जिन्न-भुताच्या शापाने पाडायची आहे, म्हणजे कुणाला झोंबणार नाही. मी नाही म्हटलं. ते उठून गेले. इथल्या मुहर्रम बेक भागातली एक रिकामी इमारत मिळाली आहे, मित्रांनी कॅमेरा दिलाय. पुढच्या महिन्यात चित्रीकरण सुरू करतेय. तुम्ही आला नाहीत तर दुसरा नट शोधीन, रडत रडत शोधीन, पण हाजीला निर्दोष ठरवणार नाही.

लोभ कमी झाला असेल तर तसं कळवा.

सफीनाझ

कैरो, २९ नोव्हेंबर

चि. सफीस अ. आ.

लोभ कुठे जातोय! दोन दिवस तुझी पटकथा पुन्हा वाचत होतो. तेवढ्यात लमईचा फोन आला. म्हणे पोरीची समजूत काढ, पुढच्या विनोदी चित्रपटात वाण्याचं काम तुझंच. मी विचारलं, वाणी वजनात काटा मारतो का? नाही म्हणाला. म्हटलं, मग मला जमायचं नाही.

येतोय. पण माझंही एक ऐक. भीती सुरू झाली म्हणून हाजीचे विनोद थांबवू नकोस. ढिगाऱ्याखालून मुलगी बाबा, बाबा म्हणत असेल, तेव्हाही तो विनोदच करील. दुसरं काही त्याला येतच नाही. मला हे आतून कळतंय, म्हणून सांगतो.

आईने लोणचं बांधून दिलंय. माझ्या सिगारेटींवर नजर ठेवायलाही तिनेच तुला सांगितलंय म्हणे.

बहगत

तांता, ८ डिसेंबर १९८९

चि. सफीस अ. आ.

इथल्या थिएटरात आपला चित्रपट लागलाय, तू यायला हवी होतीस. मी पडद्यावर आलो आणि नेहमीसारखा हशा उसळला. ढिगाऱ्यापाशी विनोद केला तेव्हाही काही जण हसले. मग त्यांना आपलंच हसू ऐकू आलं.

बाहेर एका काळ्या कपड्यातल्या बाईने माझी बाही धरली. विचारू लागली, त्याला ठाऊक होतं ना? सवयीने मी काहीतरी गमतीचं बोलणार होतो. पण तिची मूठ सैल होईना. मी म्हटलं, हो बाई, ठाऊक होतं.

ती म्हणाली, आमच्या घरमालकाला पण होतं. मग बाही सोडली, नीट केली आणि निघून गेली.

पुढचं लिहायला घे. अशीच हट्टी राहा, म्हणजे आमची माया फुकट जाणार नाही.

तुझा बाप