आधी जमा झालेलं ते मूळ

३ फेब्रुवारी

जमा केलं! चार वाजून बारा मिनिटांनी – मुदतीला अठ्ठेचाळीस मिनिटं शिल्लक. छत्तिसाव्या वर्षी एम.ए. करायचं म्हणजे वर्गातली पोरं मावशी म्हणतात आणि ऑफिसातले लोक कुत्सितपणे 'विद्यार्थिनी'. म्हणू देत.

निबंधाचा विषय होता – घरातल्या एका माणसाच्या कामाचा इतिहास, त्याच्याच तोंडून. माझ्याकडे बाबांशिवाय दुसरं कोण? फोनवर रेकॉर्ड करायला गेले तर म्हणाले, "ते यंत्र बंद कर, मी काय पुढारी आहे?" मग हातानं उतरवून घेतलं. तीन रविवार गेले. कच्ची प्रत त्यांनीच तपासली – चौदा चुका! डावखुरे असल्यामुळे खुणा करता करता तळहात शाईवरून फिरतो, सगळं पान निळं. लहानपणापासून मी काहीही लिहिलं की यांचा एकच प्रश्न: "चुका किती निघाल्या?"

शेवटच्या पानावर सही केली – 'हे काम माझे स्वतःचे आहे.' बरं वाटलं.

४ फेब्रुवारी

ऑफिसात काम कमी. गॅलीची गोष्ट इथंही लिहून ठेवते. डोक्यात तीच घोळते आहे.

बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. एक अक्षर म्हणजे एक खिळा. ओळीमागून ओळ जुळवायची आणि गॅलीत, म्हणजे लांबट ट्रेमध्ये, रचायची. एकदा परीक्षेची प्रश्नपत्रिका छापायला आली होती. मालकाचा मेहुणा टपकला. त्याचा पोरगा परीक्षेला बसणार होता. "एक कच्ची प्रत काढून द्या." मालक खिडकीबाहेर बघत बसले. म्हणजे द्या!

पुढचं बाबा नेहमी त्याच शब्दांत सांगतात, आणि मीही तसंच लिहिलंय: "उजव्या हातात चहाचा कप होता, तो सांडू दिला नाही. डाव्या हातानं गॅली धरली आणि पालथी केली." सगळे खिळे फरशीवर. मालकांना म्हणाले, "हात निसटला." मशीनवाला शेजारीच उभा होता, त्यानं सगळं पाहिलं आणि ब्र काढला नाही. प्रश्नपत्रिका पहिल्यापासून जुळवली, परीक्षा झाली आणि बाबांची नोकरी गेली. मग उभं आयुष्य वह्या-पेनांच्या दुकानात, दुसऱ्याच्या गल्ल्यावर.

नववीत मी मैत्रिणीची प्रयोगवही जशीच्या तशी उतरवली तेव्हा बाबा ओरडले नाहीत. नुसतं "गॅली" म्हणाले. मी तासभर रडले होते.

११ फेब्रुवारी

निबंध तपासणाऱ्या मॅडमचा निरोप – उद्या विभागात येऊन भेटा. एवढंच! शाबासकीसाठी असं कोणी बोलावत नाही.

१२ फेब्रुवारी

आत्ताच विभागातून आले.

मॅडम होत्या, विभागप्रमुख होते, टेबलावर कागद. माझ्या साडेतीन पानांवर पिवळा रंग. सॉफ्टवेअरला ते अकरा वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याच्या निबंधात सापडलं. चहाचा कप, गॅली, डावा हात, 'हात निसटला' – शब्दन् शब्द! फक्त तिथं ते करणारा माणूस माझा बाप नाही. त्याच छापखान्यातला मशीनवाला आहे. आणि ब्र न काढणारा कोण, तर 'शेजारचा जुळारी'. म्हणजे बाबा!

मी म्हटलं, अहो सर, ही माझ्या वडलांची गोष्ट आहे. प्रमुख म्हणाले, "आमचा नियम साधा आहे. आधी जमा झालेलं ते मूळ." रेकॉर्डिंग मागितलं. नाही. उतरवलेले कागद? माझ्याच अक्षरात आहेत, ते काय पुरावा होणार! मॅडमनी त्या जुन्या विद्यार्थ्याला फोन करून पाहिला होता. तो म्हणाला, मशीनवाला चार वर्षांपूर्वीच वारलाय.

आता दोनच वाटा. मी चोरी केली असं धरून दोन वर्षं परीक्षेला बंदी. नाहीतर बाबांनी लिहून द्यायचं की दुसऱ्याची गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली – मग मला फक्त नवा निबंध. "तुमची फसवणूक झालेली दिसते," मॅडम हळूच म्हणाल्या. बाहेर येऊन जिन्यात बसले.

१३ फेब्रुवारी

विचारलं. सरळ, जेवणाच्या टेबलावर, आईसमोर.

"बाबा, गॅली तुम्ही पालथी केली की मशीनवाल्यानं?"

घास हातातच. मग म्हणाले, "त्यानं सांगितली होय ती गोष्ट? कुणाला?"

एका विद्यार्थ्याला. स्वतःची म्हणून.

"अस्सं." आणि मग काय म्हणाले असतील? – "बरं झालं. कुणाला तरी सांगितली."

हे काय उत्तर झालं? खरं असतं तर ताडकन उठले नसते का? टेबलावर मूठ आपटली नसती? मला विचारलं, तो आहे का अजून. म्हटलं, नाही. मान हलवली, ताट धुतलं आणि पेपर घेऊन बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणजे खोटंच. माणूस मेलाय, विचारणार कुणाला? आणि मी गाढवासारखी या माणसाच्या एका शब्दावर वयाच्या चौदाव्या वर्षी तासभर रडले!

१५ फेब्रुवारी

आई ओट्याशी मला म्हणाली, "त्यांनी आयुष्यात सांगण्यासारखं एकच केलं गं. तेवढं तरी राहू दे."

मी म्हटलं, केलंच नाही, आई. तेच तर!

"तू पाहिलंस?"

"तू पाहिलंस?"

ती परत भाजी चिरायला लागली. लग्नाआधीची गोष्ट आहे. तिनंही ऐकलेलीच. आम्ही सगळ्यांनी ऐकलेलीच.

आठवत गेले तसा संताप वाढत गेला. नोकरीच्या अर्जात अनुभव वाढवून लिहायचा होता, नाही लिहिला – गॅली! वरिष्ठांनी मागच्या तारखेनं सही मागितली, नाही दिली, बढती गेली – गॅली! दुसऱ्याच्या उसन्या मोठेपणावर मला वाढवलं. बाहेरच्यानं फसवलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. हा तर घरातला माणूस.

१७ फेब्रुवारी

निवेदन मीच टाइप केलं. 'मी माझ्या मुलीला सांगितलेली घटना माझ्या सहकाऱ्याच्या आयुष्यातील आहे. ती माझी म्हणून सांगितली, ही चूक माझी.' बाबांच्या पुढ्यात ठेवलं. वाटलं, आता तरी काही बोलतील. भांडतील.

चष्मा लावला. दोनदा वाचलं. पेन काढून एक वेलांटी दुरुस्त केली! माझा तोल गेला. "शुद्धलेखन राहू द्या. मजकूर बरोबर आहे का तेवढं सांगा."

"मजकूर लिहिणाऱ्याचा असतो. जुळारी अक्षरं बघतो."

आणि विचारलं, "यानं तुझं काम होईल? नक्की?" हो म्हटलं. उजव्या हातात चहा होता. खाली सुद्धा ठेवला नाही! सही ठोकली, नेहमीसारखी शाई पसरलेली. कप माझ्याकडे दिला. "गार झाला. दुसरा देशील?"

नाही दिला. आईनं दिला.

१८ फेब्रुवारी

निवेदन जमा केलं. प्रमुख माझ्याशी फारच गोड बोलले. "वडीलधाऱ्यांचं असं होतं कधीकधी. मनावर घेऊ नका." माझ्या बापाबद्दल असं बोलला तो माणूस, आणि मी मान डोलावली.

डाग गेला. नवा निबंध महिनाअखेर.

२० फेब्रुवारी

घरात बोलत नाही. लागेल तेवढं 'हं', 'नाही'. ते रोज संध्याकाळी विचारतात, नवीन काही लिहितेस का. मी दार लावून घेते.

२३ फेब्रुवारी

आज दुकानाच्या जुन्या मालकांचा मुलगा आला होता. जाताना माझ्यासमोर म्हणाला, "काकांची ती छापखान्याची गोष्ट मी माझ्या पोरांना सांगतो." बाबा म्हणाले, "ती माझी नाही रे. मशीनवाल्याची." किती सहज! जन्मभर दुसऱ्याचं मिरवलं आणि आता उदार होतायत. मी आत निघून आले.

२६ फेब्रुवारी

मॅडमनी तो जुना निबंध पूर्ण दिला, नव्या निबंधात पुन्हा काही जुळायला नको म्हणून. आजवर मी पिवळा भागच पाहिला होता. प्रमुखांनीही तेवढाच. दुसऱ्या पानावर, कुणीच न रंगवलेली ओळ:

'एकोणिसाव्या वर्षी, पहिल्याच महिन्यात मशीननं त्यांच्या डाव्या हाताची चारही बोटं घेतली. तरी पुढची तीस वर्षं त्यांनी उजव्या हातानं कागद लावले.'

गॅली, याच निबंधात, त्यानंतर सात वर्षांनी. डाव्या हातानं धरून. उजव्यात कप.

चार वेळा वाचलं. बाबांना हे माहीत होतं – रोज शेजारी उभे असायचे ना! तरी सही केली. बाबा, मी तुमच्याकडून खोटं लिहून घेतलं, आणि तुम्ही माझी वेलांटी दुरुस्त केलीत.

सकाळी विभागात जाऊन निवेदन परत मागणार. बंदी घालू देत, दोन काय, दहा वर्षं घालू देत. पण आधी हे दार उघडायला हवं. बाहेरून विचारतायत, "झालं का गं लिहून? चुका किती निघाल्या?"