सुटली म्हण

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
१७ नोव्हेंबर २०२४

चि. कौस्तुभ,

ताईचे आशीर्वाद. तुम्ही तिघं मजेत असाल. टोरांटोत बर्फ पडायला लागला का? इथे नोव्हेंबर अर्धा सरला तरी पंखा पाचावर आहे. आईची तब्येत बरी आहे, जेवण व्यवस्थित आहे, बीपी आटोक्यात आहे. मीही ठीक.

परवा फोनवर तू म्हणालास, डिसेंबरला येणं जमत नाही, पोर्तुगालचं बुकिंग झालंय. मी ‘बरं’ म्हटलं. आई शेजारी बसलेली, तुझी मीटिंग सुरू व्हायची, दुसरं काय म्हणणार? हे पत्र त्या ‘बरं’च्या ऐवजी आहे. कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर मी अर्ध्या वाक्यात हसते आणि विषय बदलते.

मग तू तो फोटो पाठवलास. व्हिएतनामच्या घाटात भाड्याच्या बाईकवर मी, मागे दगडांच्या फटीत उगवलेला मका. खाली लिहिलंस, ‘ताई, काय दिवस होते!’ होते खरे. तिथल्या एका घरी उतरले होते, त्या आजीने मला मक्याची दारू पाजली. मी तिला खाणाखुणांनी सांगितलं, मुंबईची आहे, लग्न नाही, गाडी आहे. तिने माझा दंड थोपटला. काय समजली कोण जाणे. आणि श्रीलंकेत चहाच्या मळ्यांतून जाताना माझ्यासोबतच्या रुचिताच्या बाईकची चेन तुटली, तेव्हा भर पावसात आम्ही दोघी रस्त्याकडेला बसून गाणी म्हणत होतो. संध्याकाळी कुठे पोचणार याची खात्री नसायची, आणि मला त्याचंच सुख वाटायचं. आता सकाळी डोळे उघडले की दिवसभरात काय काय होणार ते तोंडपाठ असतं.

फोटो पाहून मला आनंद झाला नाही रे. राग आला, आणि तोही तुझा.

भूतानला चिखलात घसरून गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं आणि घरी आले, तेव्हा तू इथेच होतास. आईने मला समोर बसवलं, स्वतःच्या गळ्याला चिमटा घेतला आणि म्हणाली, “माझ्या गळ्याची शपथ हाय तुला, परत त्या फटफटीवर बसलीस तर.” मी तोंड उघडणार तेवढ्यात तू मला डोळा मारलास. “घे गं ताई. हाड जुळेपर्यंत तशीही कुठे बसणार आहेस? पुढच्या खेपेला मी सोडवून देतो. आई माझं ऐकते.” मी घेतली. आपल्या घरात शपथा काय, लहानपणापासून घातल्या आणि सोडल्या. तुला गोट्या खेळायची बंदी असायची. संध्याकाळी तू आईच्या पदराला लोंबकळायचास, ती वैतागून “सुटली, जा” म्हणायची आणि तू बाहेर. जिने घातली तिने ‘सुटली’ म्हटलं की झालं, एवढा साधा मामला.

पुढच्या खेपेला तू आलास तेव्हा आई तुला “तू कोणाचा रे?” विचारत होती.

मी प्रयत्न केले. हसशील तू. बाबा एसटीत कंडक्टर होते ते दिवस तिच्या डोक्यात परत आलेत. तिला वाटतं, आपण रत्नागिरीच्या स्टँडवर बसलोय आणि बाबांची गाडी लागायची आहे. पिशवी मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसून असते. मी तिच्यापुढे बसून म्हणते, “आई, शपथ सुटली म्हण ना.” ती म्हणते, “कशी सुटंल? डायवर चा पितोय.” आणि खाली कचऱ्याची गाडी निघाली की स्वतःहून ओरडते, “सुटली! अगो, सुटली!” पहिल्यांदा मी स्वयंपाकघरातून धावत आले होते, हाताला कणीक तशीच. खिडकीतून खाली बघितलं आणि विचार करत उभी राहिले, हे धरायचं का? ऑफिसात असली अर्धवट व्हाउचरं मी सही न करता परत पाठवते.

तुला हे सांगितलं तर म्हणालास, “बस की बिनधास्त, आईला कुठे कळतंय!” अरे, तेच तर. कळत असतं तर भांडले असते, अबोला धरला असता, आणि कंटाळून तिनेच सोडवली असती. जिला कळतच नाही तिच्याशी भांडू कशी? म्हणून रविवारी खाली पार्किंगमध्ये जाते, बुलेटवरचं कव्हर काढते आणि बाजूला उभी राहून ती चालू करते. शपथ बसण्याची आहे, उभं राहण्याची नाही! थोडा वेळ धडधड ऐकते, बंद करते, वर येते. मी असल्या गोष्टींना भिणारी बाई आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. पण तो आईचा गळा आहे. त्याच गळ्याभोवती मी दोन वेळा रुमाल बांधते आणि तिला भरवते.

मागच्या रविवारी मी बसले.

शेजारच्या मनोरमाबेनना आईपाशी ठेवलं आणि बँकेत काम आहे म्हणून सांगितलं. रविवारी बँक! त्या बिचाऱ्या “जाओ, जाओ” म्हणाल्या. भाईंदर पश्चिमेला पूल उतरून उत्तनच्या रस्त्याने थेट पालीच्या किनाऱ्यापर्यंत गेले. गल्लीत समोरून स्कूटर आली की कोणीतरी मागे व्हायचं, एवढाच तो रस्ता. हात क्लच विसरले नव्हते. समुद्रासमोर गाडी लावली, हेल्मेट काढलं, आणि फोन वाजला. मनोरमाबेन.

कौस्तुभ, एवढं सगळं लिहिलं ते हे लांबवायला. फोन उचलायच्या आधी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते भीतीचं नव्हतं. मनात आलं, सुटले.

आईने जे म्हणायचं होतं ते मीच म्हटलं, आणि स्वतःबद्दल म्हटलं. तिच्या मरणाची बातमी असेल असं वाटलं आणि मला मोकळं वाटलं. एक क्षणभर, पण वाटलं.

फोनवर मनोरमाबेन विचारत होत्या, “उर्मिलाबेन, शक्कर का डब्बा किधर है? बा चाय मांगती है.” मी सांगितलं, वरच्या फळीवर, निळं झाकण. मग तिथेच रडत बसले. बोंबील वाळत घालणाऱ्या दोघी-तिघी बायका काम थांबवून बघत होत्या. घरी आले तर आईने विचारलं, “तिकीट काढलंस?” मी म्हटलं, काढलं. तिने समाधानाने मान हलवली आणि पिशवी पोटाशी धरली.

मी आईला काही करणार नाही. एवढं लिहावं लागतंय, यातच तू काय ते समज. त्या दिवसापासून ती झोपली की मी तिचा श्वास बघत उभी राहते, आणि काय बघायला उभी आहे हे माझं मलाच सांगता येत नाही.

तुला शपथ घालावी असं मनात आलं होतं. माझ्या गळ्याची. घातली असती तर तू आला असतास, मला माहीत आहे. माझ्यासारखाच तूही वरवर हसतोस आणि आतून पाळतोस. पण कोणाच्या गळ्याला बांधून घेणं म्हणजे काय, ते मी बघते आहे. म्हणून नुसतं विचारते. महिनाभरासाठी येतोस का? मला कुठे फिरायला जायचं म्हणून बोलावत नाही. आईला आणि मला एका घरात एकटं ठेवू नकोस, एवढंच. जमणार नसेल तर ‘बघतो’ म्हणू नकोस, सरळ ‘नाही’ म्हण. ‘बघतो’वर मी आणखी वर्ष काढेन, आणि ते काढायला नको.

वहिनीला आणि पिल्लाला माझा गोड पापा.

आई सुखरूप आहे. अजून माझ्याच हातात आहे.

तुझी ताई,
उर्मिला