रिकाम्या खुर्चीसमोर

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचले. प्रवासात कंबर धरली होती, पण घर बघितलं आणि शीण गेला. व्यसनातून उठू पाहणाऱ्यांसाठीची अशी घरं मी पुष्कळ तपासली, पण खिडक्यांना गज नाहीत असं हे पहिलंच. फाटकाला कुलूपसुद्धा नाही. नुसती कडी आहे, ती आतूनही निघते आणि बाहेरूनही.

घर चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. त्यांनी माझी पिशवी स्वतः उचलली. मी नको नको म्हटलं तर म्हणाल्या, सामान उचलल्याबद्दल गुण कापत असाल तर ठेवते खाली. मला हसू आलं. तपासनीस आली की लोक एक तर चहाचा भडिमार करतात नाही तर तोंड लपवतात. ह्यांनी दोन्ही केलं नाही.

खोली मी रहिवाशांच्या ओळीतलीच मागून घेतली. खात्यात माझ्या या पद्धतीची थट्टा होते. जिथे तपासायला जायचं तिथेच राहायचं, त्यांच्या पंगतीला जेवायचं, त्यांच्या गादीवर झोपायचं, त्यांना जे करायला लावतात ते स्वतः करून बघायचं. साहेब म्हणतात, बाई एखाद्या दिवशी भरतीच होऊन बसतील. म्हणेनात का. माझा नवरा अशाच एका घरात दगावला. तिथली तपासणी बाहेरच्या खोलीत बसून, चहा पिऊन झाली होती. आतल्या खोलीत त्याला कसं ठेवलं होतं ते मी नंतर पाहिलं. पुढे त्याच्या जागी मला खात्यात नोकरी मिळाली. कपाटातली नियमांची पुस्तकं मी जेवणाच्या सुट्टीत एकेक करून वाचली, परीक्षा दिली आणि हे काम मागून घेतलं.

चादरी धुतलेल्या, कडक वाळलेल्या. न्हाणीघराला वास नाही. स्वयंपाक गरम आणि वाढणाऱ्याचा हात सढळ.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिचे दिवस भरत आलेत. रविवारी तिच्याकडे पोचायचं मी कबूल केलंय. या खेपेला काम लांबलं म्हणालीस तर बाळाला आजी आहे हेच सांगणार नाही, म्हणाली. अगदी बापाची जीभ आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

औषधांचं कपाट बघितलं. किल्ली एकाच माणसाकडे, गोळ्यांचा हिशेब बरोबर. कुणाच्या अंगावर माराच्या खुणा नाहीत. मी प्रत्येकाला बाही वर करायला सांगते, त्याचा इथे कुणाला राग आला नाही.

फक्त एकाने कुरकुर केली. त्याला वकील म्हणतात. वकील वगैरे काही नाही, ट्रक चालवायचा, पण साध्या गोष्टीवरही वाद घालतो म्हणून ते नाव पडलं. नवाच आलाय. बाही वर करत म्हणाला, बाई, तपासायला आलात की माप घ्यायला? मग हळूच म्हणाला की आधीच्या घरात एका बिडीवरून डोकी फुटायची, इथे सगळे नव्या व्याह्यांसारखे गोड वागतात, आणि त्याला त्याचीच धास्ती वाटते. मी म्हटलं, तुला सुखही टोचतं. तो म्हणाला, टोचत नाही, हीच तर भानगड आहे.

दुपारी दिवाणखान्यात बैठक असते. खुर्च्या गोल मांडतात, त्यातली एक रिकामी ठेवतात. जी आठवण छळते, जिच्यामुळे हात बाटलीकडे जातो, ती एकेकाने त्या रिकाम्या खुर्चीला सांगायची. बारीकसारीक काही वगळायचं नाही. सांगून झालं की सगळे मिळून हळू आवाजात म्हणतात, ठेवलं. बस, एवढंच. भाषण नाही, उपदेश नाही. मला हे आवडलं.

वकिलाने हाताची घडी घालून सांगितलं की त्याच्याकडे ठेवण्याजोगं काही नाही, होतं ते सावकाराने ठेवून घेतलं. मी एकटीच हसले.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहुणी आहे असं म्हणता आलं असतं, पण मग माझी पद्धत काय कामाची? मी नवऱ्याचा खोकला सांगितला. पिऊन आला की तो दार बडवायचा. प्यायला नसला की दाराबाहेर उभा राहून दोनदा खोकायचा, म्हणजे आत मी घाबरू नये. सुरुवातीला खरा खोकला होता, मग ती खूणच झाली. तो गेल्यावर कितीतरी संध्याकाळी मी पोळी तव्यावर ठेवून त्या खोकल्याची वाट पाहिली आणि पोळी करपली. हे मी लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं.

सगळे म्हणाले, ठेवलं. डोक्यावरची घागर कुणीतरी उतरवून घ्यावी तसं वाटलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

गाढ झोप लागली. अशी झोप कधी लागली होती ते आठवत नाही.

स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, संडास, सगळं ठीक. दुपारी बैठकीला बसले. जायलाच हवं असं नव्हतं, पण पाय तिकडे वळले. आज लग्नातल्या काही गोष्टी सांगितल्या.

आत्ता लिहिताना दाराबाहेर कुणीतरी दोनदा खोकलं. दार उघडलं तर व्हरांडा मोकळा. कुणा रहिवाशाला खोकला झालेला दिसतो. डॉक्टर तपासतात का, ताईंना विचारायला हवं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक गोष्ट खटकली.

इथे एक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दारूला शिवून त्यांना वर्षं झाली. आज त्यांचा मुलगा भेटायला आला, वडिलांसाठी नवा चष्मा घेऊन. मास्तर उठून उभे राहिले, त्याला बसायला खुर्ची दिली, आणि आपण कुणाला भेटायला आलात, असं अदबीने विचारलं. मुलाला वाटलं थट्टा आहे. तो म्हणाला, बाबा, पुरे. मास्तरांनी त्याला पाणी आणून दिलं आणि म्हणाले की तुमचे वडील सापडतील, ताईंना विचारा. मुलगा फाटकाशी जाऊन रडला. चष्मा माझ्या हातात देऊन गेला.

मी ताईंना जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, मुलगा त्यांच्याशी बोलेनासा झाला म्हणून ते पीत होते. त्यांनी मुलगा ठेवून दिला, पिणं सुटलं. मी म्हटलं, त्या पोराला बाप परत हवा होता. त्या म्हणाल्या, इथून गेलेला एकही माणूस पुन्हा प्यालेला नाही, असं दुसरं घर दाखवा. मी तो चष्मा त्यांच्या टेबलावर ठेवून निघाले.

नंतर दिवाणखान्याची खिडकी नीट उघडते का बघायला गेले. आत कुणी नव्हतं. पण रिकाम्या खुर्चीकडून आवाज येत होता, एक लहान मूल पाढे म्हणत होतं. साताच्या पाढ्यात अडखळायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. मास्तर दारात उभे राहून ऐकत होते. गोड आवाज आहे, म्हणाले, कुणाचा आहे कोण जाणे.

आजही बैठकीत काहीतरी ठेवलं. काय ते आता सुचत नाही. हलकं वाटतंय.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मागची पानं वाचली. मंगळवारी कुणा नवऱ्याच्या खोकल्याबद्दल लिहिलंय. अक्षर माझं आहे. पोळी करपल्याचं लिहिलंय. मला ते ठाऊक नाही. शेजारणीची हकीकत वाचावी तसं वाटलं.

लेकीला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, बाबा घरी आले की काय करायचे. ती म्हणाली, अगं, दोनदा खोकायचे नाही का, मी अंथरुणातून ऐकायची, मग झोप लागायची. मी हो म्हटलं. खोटं बोलले.

संध्याकाळी तो खोकला पुन्हा आला. आता वाचून कळलं की तो कुणाचा. दार उघडून उभी राहिले. काहीच वाटलं नाही. रडू तरी यायला हवं होतं.

वकिलाला गाठलं. म्हटलं, चल, पळू या दोघं. तो गोड हसला, मला बसायला खुर्ची दिली आणि इथे सगळं छान आहे म्हणाला. मी मुद्दाम त्याच्या ट्रकला खटारा म्हटलं. कुठला ट्रक, असं त्याने विचारलं.

उद्या बैठकीत उभी राहून माझं मला परत मागणार. परवा सकाळच्या गाडीने लेकीकडे.

९ नोव्हेंबर, शनिवार

चूक झाली. फार मोठी—

पिशवी भरून बैठकीला गेले. ठेवायला नाही, मागायला. खुर्चीसमोर उभी राहिले आणि तक्रार करतात तशी मुद्देसूद बोलले. माझं काय घेतलं, ते मला का हवं, कुणासाठी हवं. लेकीसाठी हवं, म्हटलं. बाळाला आजोबा कोण सांगणार? मग लेक कोण ते सांगितलं. घोटाळा होऊ नये म्हणून सगळं सांगितलं. ती रांगत चुलीपाशी गेली, उकळतं आधण तिच्यावर कलंडलं, मी हात मध्ये घातला, मनगट भाजलं. मग माझ्या मनगटावरच्या पट्टीवर गाल ठेवूनच ती झोपायची. तिचं हसणं. शाळेचा पहिला दिवस. एकही गोष्ट सोडली नाही. तपासणीत मी काही सोडत नाही.

थांबले, आणि सगळे म्हणाले, ठेवलं.

मी ओरडले, हे ठेवायला नव्हतं. ताईंनी पाठीवर हात फिरवला. सगळे आधी असंच म्हणतात, म्हणाल्या.

झोपले की जातं. मंगळवारचं तसंच गेलं. झोपायचं नाही. गाडी सकाळीच आहे.

लेकीला फोन केला. म्हटलं, उद्या मी तुला ओळखलं नाही तर रागावू नकोस. ती घाबरली. निघतेच म्हणाली. मी म्हटलं, येऊ नकोस, या अवस्थेत नको, इथे तर नकोच. तिने फोन ठेवला होता.

मला लेक आहे. लेक आहे मला. डोळे जड—

लेक आ—

१० नोव्हेंबर, रविवार

छान झोप झाली.

अहवाल पूर्ण केला. कुठलीही त्रुटी नाही. दर्जा उत्तम.

दाराशी माझी पिशवी भरून ठेवलेली आहे. कुठे जायचं होतं? डाव्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण दिसली. कधी भाजलं कोण जाणे.

दिवाणखान्यात लहान मुलगी हसतेय. गोड आवाज आहे.

फाटकाशी एक बाई आली. दिवस भरलेले, गाडीच्या धक्क्यांनी चेहरा उतरलेला. मला आई म्हणते. पाणी दिलं. तिने माझा हात आपल्या पोटावर ठेवला. बिचारी फार दुःखात आहे.

ताई तिला म्हणाल्या, आत बसून तुमची आई कशी होती ते सगळं सांगा, म्हणजे यांना आठवेल. मीही म्हटलं, जा, हलकं वाटेल.

मी दारात बसून लिहितेय. ती खुर्चीसमोर बसली. पोट सांभाळत बोलतेय. आई नियमांची पुस्तकं वाचायची. बाबा दाराबाहेर दोनदा खोकायचे. आई तव्याशी—

मला हे कुठेतरी—

चुलीपाशी रांगत गेले, म्हणतेय. उकळतं आधण. आईने हात मध्ये—

डावं मनगट—

माझं मनगट. माझी—

सगळे पुढे वाकलेत. ती शेवटाला आलीय. पोरी, गप्प बस, पुढचं सांगू न—