थंड पाण्याची ओळ

बाबा, आज आईने पुन्हा मामाच्या फोटोला हार घातला आणि तुमच्या फोटोवरून नुसतं फडकं फिरवलं. इतकी वर्षं झाली, तिचा हात काही बदलत नाही. म्हणून लिहायला बसले.

अंबरनाथच्या तुमच्या केमिकल कंपनीत कॉम्प्युटर आला, तेव्हा तुम्ही केवढे वैतागला होतात. रिॲक्टर चालवायच्या पायऱ्या आता रोज छापून यायच्या आणि कागदावर असेल तेवढंच करायचं. सवयीने एक व्हॉल्व्ह आधी फिरवलात म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. "डोकं घरी ठेवून यायचं म्हणे," असं तुम्ही जेवताना म्हणालात. मामा तुमच्याच हाताखाली कामाला, तो फिसकन हसला. पुढच्याच आठवड्यात कागदावर मध्येच एक नवी ओळ आली, नमुना लॅबला पाठवा म्हणून. तिच्याखालची थंड पाणी सोडायची ओळ मात्र नव्हती. पद्धत बदलली असेल, असं तुम्हाला वाटलं. रिॲक्टर तापत गेला, झाकण उडालं, आग लागली. मामा रिॲक्टरच्या शेजारीच उभा होता.

चौकशीत तुम्ही एकच सांगत राहिलात, ओळ नव्हती. तो कागद आगीत गेला होता, आणि कॉम्प्युटरही. साहेब म्हणाले, ती ओळ कुणी काढलीच नाही. आणि मला अजून दिसतं, मांजर्लीच्या आपल्या स्वयंपाकघरात आई ताट तुमच्यापुढे सरकवतेय, तुमच्याकडे न बघता. "ओळीला काय पाय फुटले? विसरलात म्हणा की. माझा भाऊ गेला, निदान खरं तरी बोला." तुम्ही भात नुसता कालवत बसला आहात. पुढे पुढे तुम्हीच म्हणायला लागलात, विसरलो असेन.

तुम्ही गेल्यावर मी उल्हासनगरला, कापडाच्या दुकानावरच्या कॉम्प्युटर क्लासला जायला लागले. सर म्हणाले, या फाइलमध्ये तिसऱ्या ओळीनंतर एक नवी ओळ घाल. मी थेट त्या जागी जाऊन लिहिली. बघते तर जुनी चौथी ओळ गायब. "अगं, फाइल आपणहून जागा करून देत नाही," सर म्हणाले. "शेवटच्या ओळीपासून एकेक खाली सरकवत यायचं, मग मोकळ्या जागी लिहायचं. नाहीतर नवीन ओळ जुनीच्या उरावर बसते, आणि कॉम्प्युटर चकार शब्द काढत नाही." मला तुमच्या कागदावरची नमुन्याची ती नवी ओळ आठवली. ओळ कुणी काढलीच नव्हती, साहेब खरं बोलले होते. आणि तुम्हीही. मला ओरडून रडायचं होतं, मी पाणी मागितलं.

घरी आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. सांगणारच होते. पण तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा ती डबा माझ्याकडे देऊन बाहेर बाकावर बसायची, शेवटच्या दिवशीसुद्धा आत आली नाही. हे कळल्यावर ती त्या बाकाचं काय करील? उद्या सांगू, उद्या सांगू करत मी आजपर्यंत आले. आत्ताही ती हाक मारतेय, चहा गार होतोय म्हणून. तुमच्यापेक्षा मला तिची जास्त दया येते, बाबा. रागवा हवं तर.