सरांची लेक

ता. ४ ऑगस्ट

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

फोनवर विचारलं की तू सगळं छान म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून कागद घेतला. कागदावर खोटं लिहायला जरा जास्त दम लागतो.

तुझा बाप सांगत होता, तुला बुरशी वाढवायची शिष्यवृत्ती मिळाली आहे. वाढव बाई. माझ्या न्हाणीघरात ती फुकट वाढते. पण मग परवा भरदुपारी तू दवाखान्यात कुणाच्या म्हातारीपाशी बसली होतीस? फोनमध्ये तुझ्या मागून तिचं कण्हणं मला ऐकू आलं, आणि माझे कान अर्धे गेलेत. संशोधनाला गेलीस की नांदायला? सरळ लिही. माझे गुडघे आहेत तसेच आहेत, ते विचारून पान भरू नकोस.

लोभ आहेच, तो वेगळा मागत नाही.

तुझी आजी


ता. ११ ऑगस्ट

ती. आजीस, शि. सा. न.

ती सरांची आई. पाठीचं दुखणं आहे, सारखं दवाखान्यात न्यावं लागतं. सर माझे मार्गदर्शक. माझ्या प्रत्येक कागदावर त्यांची सही लागते. मी रुजू झाले तेव्हाच ते सगळ्यांदेखत म्हणाले होते की ही माझी लेकच आहे. मी फुलून गेले, बाकीचे जळले. आता त्यांचे तास मी घेते, उत्तरपत्रिका मी तपासते, पाहुणे आले की स्टेशनवर मी जाते. नाही म्हणायला गेले की ते इतकं गोड हसतात की मी हो म्हणून बसते.

माझी बुरशी काचेच्या बशांमध्ये असते, रोज पाहावी लागते. दवाखान्याच्या फेऱ्यांत दोनदा वाळून मेली. पुढच्या महिन्यात समितीपुढे वर्षाचं काम मांडायचं आहे. दाखवायला काही नसेल तर शिष्यवृत्ती बंद, आणि मी घरी. मला तुमच्याकडे घ्याल का, असं विचारायला दुसऱ्या एका प्राध्यापिकेकडे जाऊन आले. सरांची मुलगी घेऊन वैर कशाला ओढवून घेऊ, म्हणाल्या. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझा हात डोक्यावर असू दे.

भिंगरी


ता. १६ ऑगस्ट

श्री. सर यांस, स. न. वि. वि.

मी तुमच्या विद्यार्थिनीची आजी. चार बुकं शिकले, अक्षर गोड मानून घ्या. तुम्ही आमच्या पोरीला लेक म्हणता असं कळलं. म्हणजे आपण नातेवाईक झालो, आणि नात्यात आडपडदा नसतो, म्हणून लिहिते. लेकीची परीक्षा आली की घरचे तिला कामं सांगत नाहीत, तिच्या खोलीचं दार ओढून घेतात. तुमच्या आईंना मुलगा आहे, सून आहे. समिती होईपर्यंत त्या दोघांनी आळीपाळीनं दवाखान्यात न्यावं. आईंना माझा नमस्कार सांगा. पाठ वाईट, मला ठाऊक आहे.

कृपा पोरीवर असावी. माझ्यावर नसली तरी चालेल.

आजी


ता. २० सप्टेंबर

ती. आजीस, सा. न. (रागावले आहे, तरी करते.)

तुझं पत्र सरांनी माझ्यासमोर घडी घालून ठेवलं आणि विचारलं, "मी तुझ्यावर कधी जबरदस्ती केली का?" मी नाही म्हटलं. खरंच केली नव्हती. तेव्हापासून ते मला मॅडम म्हणतात. कामं थांबली, आणि प्रयोगशाळेतलं कुणी माझ्याबरोबर जेवायलाही बसेना. मी आणि बशा. इतके दिवस तुला लिहिलं नाही ते त्यामुळेच.

काल समिती झाली. या खेपेची बुरशी जगली, पण तेवढीच. वर्षाचं काम एवढंच कसं, असं अध्यक्षांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो. घरच्या अडचणी होत्या." किती मायेनं म्हणाले, आजी. मी नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं.

"अडचणी माझ्या घरच्या नव्हत्या," मी म्हटलं. "सरांच्या घरच्या होत्या."

कुणीतरी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मग मला सहा महिन्यांची मुदत दिली. मार्गदर्शक बदलून मागितला, तर कुणाकडेच जागा नाही. म्हणजे सहा महिने त्यांच्याच सहीखाली. हे काय करून बसले मी?

रागासकट तुझीच,

भिंगरी


ता. २५ सप्टेंबर

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

काय करून बसलीस? खरं बोललीस. समजूत काढायला तुझी आई आहे, मला ते जमत नाही. तू सुटली नाहीस, दार त्याच माणसाच्या हातात आहे. पण चारचौघांत बोललेलं कुणाला परत गिळता येत नाही. उद्या त्यानं सही अडवली, तर का अडवली हे त्या खोलीतल्या सगळ्यांना कळेल.

त्याच्या मॅडम म्हणण्याला मी भीत नाही. म्हातारीची पाठ पुन्हा धरेल, आणि एक दिवस तो तुझ्या टेबलापाशी येऊन हळूच बेटा म्हणेल. एकटी जेवून तू कंटाळलेली असशील, म्हणून ते गोड लागेल. मला भीती त्या दिवसाची आहे.

तसं झालं की त्याला उत्तर देण्याआधी मला लिही. माया आहे तेवढी आहे, पत्र मात्र वेळेवर टाक.

तुझी आजी