रविवारचा फोन आणि तुझं झाड

प्रिय सूनबाई,

ही हाक तुला आवडत नाही, माहीत आहे, पण रागावले की माझ्या तोंडात तीच येते. या रविवारी तुझा फोन आला नाही. तुझे बाबा दुपारभर फोनशेजारी पेपर वाचत बसले होते, एकच पान. दर रविवारी तू आधी झाडाची चौकशी करतेस, मग आमच्या गुडघ्यांची. म्हणून मीही झाडापासूनच सुरुवात करते.

बदलीच्या गावी जाताना तू ती कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलीस आणि याला फार काही लागत नाही, आई, असं सांगून गेलीस. आता जिचा सगळा जन्म वॉर्डात नर्स म्हणून गेला, तिला हे सांगून काही उपयोग आहे का? मी सकाळी पाणी घातलं, संध्याकाळी घातलं, वर ओल्या फडक्यानं पुसलंही. ती जाड, गुबगुबीत पानं आधी फुगली, मग पिवळट आणि पारदर्शक झाली. एकदा भांडी विसळताना माझं कोपर लागलं, तर पाच-सहा पानं टपाटप सिंकमध्ये पडली. बघते तर खोड तळाशी काळं आणि मऊ. तू आमच्याकडे एवढी एकच वस्तू सोपवून गेली होतीस.

मग मी ऑपरेशन केलं. सुरी उकळून घेतली, वरचा चांगला शेंडा कापला आणि, हसू नकोस, कापलेल्या जागी मलम लावून पट्टी बांधली. तुझे बाबा म्हणाले, आता सलाईन तेवढं राहिलं. दोन दिवसांनी पट्टी सोडली तर आत पुन्हा सड. खालच्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या बाई आल्या होत्या, त्या पोट धरधरून हसल्या. त्यांच्याकडे अशी झाडं ढिगानं आहेत. जखम उघडीच ठेवायची म्हणाल्या, वाऱ्यावर, कोरडी होईपर्यंत. पाणी नाही, माती नाही. मला काही ते पटेना. उघड्या जखमेकडे नुसतं बघत बसायला मला कुणी शिकवलेलंच नाही. पण ऐकलं. सडलेला भाग पुन्हा कापला, शेंडा कपाटावर कागदावर ठेवून दिला आणि हात शिवशिवले की भांडी घासत बसले. आमची भांडी इतकी लख्ख कधीच नव्हती. आता त्याला दोऱ्यासारखी गुलाबी मुळं फुटलीत, कोरड्या मातीत लावलंय. ठेंगणं झालंय, जरा एका बाजूला कलतं, पण जगेल.

झाडाचं झालं. पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. मागच्या रविवारी तू बोलत असताना मागून कुणीतरी विचारलं, दूध उतू चाललंय, गॅस बंद करू का. तू म्हणालीस, टीव्ही चालू आहे. अगं, टीव्हीतली माणसं आपलं दूध बघत नाहीत. तू घाईघाईनं फोन ठेवलास आणि या रविवारी केलाच नाहीस. आम्हाला काय वाटेल, याची तुला धास्ती वाटली असणार. तर सांगते. फोन ठेवल्यावर मी रडले. माझा मुलगा गेला आहे, आणि तुझ्या घरात दुसरा आवाज ऐकून त्याच्या आईला रडू येणारच, त्याला तुझा इलाज नाही. तुझ्या बाबांनी उठून मला पाणी आणून दिलं. मग म्हणाले, चला, पोरीकडे दूध बघायला कुणीतरी आहे. ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी पुन्हा रडले. मुलाचं दुःख आमचं आहे, ते आम्ही जन्मभर सांभाळू. त्यासाठी तू एकटी राहून आम्हाला सोबत करायची काही गरज नाही. येत्या रविवारी फोन कर. तो तिथं असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत पाठवू नकोस. बाबांना त्याच्याशी बोलायचं आहे; काय बोलायचं ते त्यांना अजून सुचलेलं नाही.

तुझीच,
आई