सेंटर फॉरवर्ड काऊन देऊन टाकला?

बाबा, संघाच्या स्मरणिकेत तुमच्यावर एक ओळ छापून येणार आहे. एकच. ‘यांच्या काळात संघाची घसरण झाली.’ बेल्लमपल्लीच्या खाणीचा फुटबॉल संघ तुम्ही इतकी वर्षं चालवलात, पोरं निवडलीत, दुसऱ्या खाणींतून बदली करून आणलीत, त्यांच्या पाळ्या बदलून मिळाव्यात म्हणून साहेबांच्या दारात ताटकळत उभे राहिलात, आणि मागे उरलं काय, तर एक ओळ! मी इकडे उटनूरला शाळेत शिकवते. पोरांच्या प्रगतिपुस्तकावर शेरा लिहितानासुद्धा दहादा विचार करते. या लोकांनी तुमचा निकाल चहा पिता पिता लावला. रविवारी जुन्या खेळाडूंची बैठक होती, स्मरणिकेची कच्ची प्रत वाचून दाखवायला. मी सकाळची बस धरून गेले. भांडायलाच गेले, खोटं कशाला बोलू.

आधी तुमचे दोष मीच सांगितले, म्हणजे पोरगी बापाची बाजू घेते असं कोणी म्हणायला नको. तुमचा तो गोलकीपर मित्र, गुडघे गेलेला, त्याला तुम्ही दोन हंगाम जास्त खेळवलंत. त्याच्या पायांमधून गेलेले गोल लोक आजही हसून सांगतात. तुम्ही कोणाचं ऐकायचा नाहीत. चुकलेल्या पोराला सगळ्यांसमोर झापायचात. एक चांगला हाफबॅक त्यापायी जो घरी गेला तो परत मैदानावर फिरकला नाही. हे सगळं लिहा, म्हटलं, खुशाल लिहा. पण मग हेही लिहा, की जंगलातल्या गावात अनवाणी खेळणारे ते दोघे भाऊ कोणी शोधून आणले? बूट घालून पळायला शिकण्यात त्यांचं वर्ष गेलं, तेव्हा याच खोलीतले लोक फिदीफिदी हसत होते. तुम्हाला काढलं आणि दुसऱ्याच वर्षी कप आला, तो त्या दोघांच्या जोरावर. कपासोबत फोटो नव्या मॅनेजरचा. त्यानं काम चांगलं केलं, मी नाही म्हणत नाही. पण पेरलं कोणी, म्हटलं, हे विचाराल की नाही?

खोलीत चुळबुळ झाली. एक-दोघांनी माना हलवल्या. मग तुमच्या वेळचा लेफ्ट बॅक, आता तोंडात दात नाहीत त्याच्या, हात वर करून म्हणाला, ‘बाई, ते सारं खरं हाय. पण आमचा सेंटर फॉरवर्ड काऊन देऊन टाकला त्यायनं? हिरा देला अन् धोंडा आणला. तेवढं सांग, आत्ता ओळ खोडतो.’ आणि बाबा, तो सेंटर फॉरवर्ड तिथेच होता. पहिल्या रांगेत, खांद्यावर सत्काराची शाल. प्रश्न ऐकून त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मला आपल्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. दुपार आहे. आई बाजारात गेली आहे, मी चुलीपाशी ज्वारीच्या भाकरी थापते आहे. तो आत येतो आणि तुमच्यासमोर पाटावर बसतो. मैदानावर तीन-तीन जणांना अंगावर घेणारा माणूस, आणि पाटावर अंग चोरून बसला आहे. खाणीत छत कोसळून त्याचा सोबती गेला, त्याला जेमतेम महिना झाला आहे. ‘बाबूजी,’ तो म्हणतो, ‘खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात पाय टाकला का श्वास बंद होते. काल चड्डी ओली झाली माही. मले खाली नका धाडू. अन् कोणाले सांगू बी नका, लोक हसतीन.’ तुम्ही त्याच्यासाठी वरचं काम शोधलंत. दुसऱ्या एका खाणीत जमिनीवरचं काम होतं, कामगारांचे दिवे सांभाळायचं, आणि त्या खाणीच्या संघाला तो हवाच होता. बदल्यात त्यांनी तो जाड्या, वळायला अर्धा दिवस लावणारा डिफेंडर दिला. तुम्ही घेतला. त्या दुपारी तो उठून गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, ‘हे चुलीपाशीच राह्यलं पाह्यजे, पोरी.’ राहिलं. पुढच्या फायनलला त्यानं आपल्यावरच गोल मारला. लोकांनी तुम्हाला आईबहिणीवरून शिव्या घातल्या आणि तुम्ही बॉलची पिशवी खांद्याला अडकवून त्यांच्यामधून चालत घरी आलात. जेवताना म्हणालात, ‘गोल मात्र मस्त मारला त्यानं.’ मी ताट आपटलं होतं. तुम्ही सांडलेली भाजी मुकाट्यानं उचललीत.

तर रविवारी उत्तर माझ्या जिभेवर होतं. एक वाक्य बोलले असते की ओळ गेली असती. मी त्याच्याकडे पाहत राहिले. बोल ना, मनात म्हटलं, नातू कॉलेजात गेले तुझे, खाण कधीच सुटली, आता कोण हसणार आहे तुला? तो शालीचा काठ चिमटीत धरून बसला होता. शेवटी मीच म्हणाले, ‘कारण होतं. ते मी नाही सांगत. ओळ ठेवायची तर ठेवा. पण माह्या बापाले खेळ समजत नव्हता असं कोणी म्हणलं, तर त्याची गाठ माह्याशी हाय.’ आणि चप्पल घालून निघाले. बसस्टँडवर तो मागून आला, धापा टाकत. ‘बाई, ती ओळ छापा असं मी नाही म्हणलो.’ ‘खोडा असंही नाही म्हणले तुमी,’ मी म्हटलं. त्यावर तो इकडेतिकडे पाहून हळूच बोलला, ‘अजून बी लाइट गेली का मी दारात येऊन बसतो, बाई.’ मला त्याची दया आली. आणि दया आली म्हणून स्वतःचाच असा संताप आला, की त्याच्याशी पुढे एक शब्द न बोलता मी बसमध्ये चढले.

आता माझा निकाल ऐका, बाबा. कप तुम्ही आणला नाहीत, हे खरं. मित्राच्या मायेपोटी संघाचं नुकसान केलंत, हेही खरं. पण सेंटर फॉरवर्ड दिलात तो बरोबर दिलात, आणि आज पुन्हा वेळ आली तर पुन्हा द्या. हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन, फक्त का दिलात तेवढं सांगणार नाही. निघताना स्मरणिकेचे संपादक म्हणाले होते, पानभर लिहून पाठवा, तुमचीही बाजू छापू. तेच लिहायला बसले होते. पण लिहिता लिहिता तुमच्याशीच बोलायला लागले, आणि चुलीपाशी राहायचं ते सगळं कागदावर उतरलं. तुमची बाजू मांडणारं हे एकच पान, आणि हेच पाठवता येत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, चुलीत घाल. घालीनही. पण पाकिटावर संपादकांचा पत्ता मी आधीच लिहून ठेवला होता, तिकीटसुद्धा चिकटवलं होतं, आणि ते पाकीट अजून माझ्यानं फाडवत नाही.